मुक्या शस्त्राचे मोल

सायलेन्सर हा शब्द आपल्याकडे प्रथम कानी येतो तो मोटारसायकलीच्या संदर्भात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी प्रत्येक वाहनाला आवाज शमवणारे हे नळकांडे सक्तीचे केले आहे. ते काढून, किंवा त्यात फेरफार करून, अपरात्री गाव हादरवीत जाणाऱ्या तरुणांना पोलीस दंड करतात आणि प्रसंगी जप्त केलेली नळकांडी रोडरोलरखाली चिरडून टाकतात. त्याच देशात १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात अग्निशस्त्राची व्याख्या करताना संसदेने बंदुकीच्या पंक्तीला आणखी एक वस्तू बसवली आहे : बार उडाल्यावर होणारा आवाज किंवा दिसणारी ज्वाला कमी करण्यासाठी बनवलेले उपांग. ज्यातून एकही गोळी सुटू शकत नाही असे हे उपांग कायद्याच्या दृष्टीने स्वतःच बंदूक ठरते. मोटारीला ते नसणे हा अपराध, आणि परवान्यावाचून बंदुकीला ते असणे हाही अपराध!

ही विसंगती आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु तसे नाही. मोटारीचा आवाज ही केवळ पीडा आहे. ती गेल्याने कोणाचेही काही हरपत नाही. बंदुकीचा आवाज ही पीडा तर आहेच, परंतु ती एक दवंडीही आहे. कोणीतरी, कोठेतरी, प्राण घेण्याची शक्ती हाती धरली आहे, हे त्या आवाजाने पंचक्रोशीला कळते. तो आवाज दाबला म्हणजे नेमणाऱ्याच्या कानाला सुख लाभते आणि गावाची सूचना हरपते. ह्या दोहोंचा हिशेब कसा जुळवावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अमेरिकेत ह्या वस्तूवरील निर्बंध नुकतेच सैल झाले, आणि त्यामुळे किमतींचे काय होईल, कारखानदारांचे काय होईल, ह्याची चर्चा तेथे मोठ्या हिरिरीने चालली आहे. ती चर्चा बाजाराची आहे. आमच्या हाटपिपल्याच्या नावातच हाट आहे, तेव्हा बाजाराच्या चर्चेचे आम्हांला वावडे असण्याचे कारण नाही. परंतु बाजारभाव पाहून झाल्यावर जो प्रश्न शिल्लक उरतो, तो नीतीचा आहे आणि तो माळव्यालाही लागू आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम ह्या गृहस्थांनी १८८४ च्या सुमारास यांत्रिक तोफ, म्हणजे आजची मशीनगन, सिद्ध केली. आयुष्यभर आपल्याच यंत्रांचे धडाके ऐकून त्यांना बहिरेपण आले. त्यांचे चिरंजीव हायरम पर्सी मॅक्सिम ह्यांना १९०९ मध्ये बंदुकीचा आवाज शमवणाऱ्या साधनाचे पेटंट मिळाले. बापाने जो धडाका जगाला दिला तो मुलाने आवरू पाहावा, हा योगायोग विलक्षण खरा. मोटारीच्या धुराड्यात आणि ह्या साधनात तत्त्व एकच : कोंडलेला वायू एकदम बाहेर न सोडता त्याला आतल्या कप्प्यांतून फिरवीत, थंडावत, हळूहळू मोकळा करायचा. चित्रपटांत दाखवतात तसा बंदुकीचा आवाज ह्याने नाहीसा मात्र होत नाही. रायफलचा बार सुमारे १६० डेसिबलांचा असतो. ह्या साधनाने त्यातले वीस ते पस्तीस डेसिबल कमी होतात. उरतो तोही मोठाच आवाज असतो, परंतु कानाचा पडदा वाचण्याची आशा तेवढी वाढते. म्हणूनच न्यूझीलंड किंवा नॉर्वे ह्यांसारख्या देशांत शिकारी लोक ते राजरोस वापरतात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. वस्तू स्वभावतः पापी नाही, एवढे मान्य करूनच पुढे जावे.

अमेरिकेने मात्र १९३४ साली, दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धांचा अनुभव ताजा असताना, राष्ट्रीय अग्निशस्त्र कायदा केला. मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर ह्यांच्या प्रत्येक नगामागे, तो बनवताना किंवा एका हातातून दुसऱ्या हाती जाताना, २०० डॉलर कर आणि सरकारदरबारी नोंद, असा तो कायदा होता. सायलेन्सर त्या वेळी थोडक्या डॉलरांना मिळे. म्हणजे कर मालाच्या किमतीच्या कितीतरी पट होता. तो उत्पन्नासाठी नसून दार लावून घेण्यासाठी होता. गंमत अशी की पुढे नव्वद वर्षे तो आकडा कोणी बदललाच नाही. १९३४ चे २०० डॉलर म्हणजे आजच्या मोलाने चार हजारांहून अधिक होतात. पैशाचे मोल उतरत गेले तसतशी दाराची फळी झिजत गेली, आणि एके काळी जी भिंत होती ती नुसता टोलनाका होऊन राहिली. अखेर ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने सायलेन्सरवरील आणि आखूड नळीच्या बंदुकांवरील हा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला. मशीनगनवरील कर तसाच राहिला. नोंदणी, बोटांचे ठसे आणि चौकशी हीदेखील तशीच राहिली. दार उघडे, टोल माफ, पण नाव लिहून जा, अशी ही सवलत आहे.

ह्याचा किमतीवर आणि कारखान्यांवर काय परिणाम होईल? कोकणातल्या वाचकांना हे आंब्यावरून चटकन समजेल. समजा, रत्नागिरीत हापूसची पेटी १५०० रुपयांना आणि रायवळ आंब्याची ३०० रुपयांना मिळते, आणि इंदूरपर्यंतचे भाडे दोहोंनाही सारखेच, २०० रुपये, पडते. रत्नागिरीत एका हापूसच्या पेटीत पाच रायवळ पेट्या येत होत्या; इंदुरात १७०० ला ५०० चे प्रमाण पडून साडेतीनही येत नाहीत. भाड्याने दोन्ही महागले, पण तुलनेने हापूस स्वस्त झाला. म्हणून दूरदेशी चांगला आंबा जातो आणि रायवळ घरीच राहतो. नगामागे सारखा असलेला कोणताही कर हेच करतो. दीडशे डॉलरांच्या सायलेन्सरवर २०० डॉलर कर पडला म्हणजे तो साडेतीनशेला पडतो. हजार डॉलरांचा बाराशेला. कर गेल्यावर पहिल्याची एकूण किंमत निम्म्याहून खाली येते, दुसऱ्याची जेमतेम सहाव्या हिश्शाने. म्हणजे खरी उलथापालथ वरच्या थरात होणार नाही, ती तळाशी होणार. आजवर जो हलका माल करापायी बाजारात उभाच राहू शकत नव्हता, त्याला आता पाय फुटतील.

कारखानदारांच्या दृष्टीने ह्याचे दोन अर्थ निघतात. पहिला असा की, कायदा जुलैत झाला आणि त्याचा अंमल जानेवारीत, ह्या मधल्या काळात हात आखडून थांबणे हाच ग्राहकाचा शहाणपणा ठरतो. आणि नंतर सर्वांनी एकदम गर्दी केली म्हणजे भाव लगेच उतरण्याऐवजी काही काळ चढेही राहू शकतात, कारण कारखान्याची लेथ कायद्याच्या एका सहीने दुप्पट वेगाने फिरत नाही. करात वाचलेल्या दोनशेतला काही वाटा अशा वेळी उत्पादक आणि दुकानदार ह्यांच्या खिशात जातो. दुसरा अर्थ दूरचा आहे. जुन्या, नामांकित कारखान्यांना कराची भिंत जाचक वाटत असली तरी त्याच भिंतीच्या आडोशाला त्यांचा धंदा वाढला होता. ग्राहक आयुष्यात एकदाच घेणार, म्हणून उत्तम तेच घेणार, ह्या हिशेबावर त्यांची घडी बसलेली होती. भिंत पडली की नवे, लहान, स्वस्त माल करणारे आत येतात. स्वस्ताईचे श्रेय कायद्याला मिळते आणि तिची झळ जुन्या कारागिरीला लागते. ह्यात नवल असे काही नाही. जकात उठल्यावर प्रत्येक पेठेत हेच होत आले आहे.

आता वकिलाच्या दृष्टीने पाहण्यासारखी एक गोष्ट. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३७ साली, सॉन्झिन्स्की ह्यांच्या खटल्यात, १९३४ चा तो कायदा वैध ठरवला तो कर बसवण्याच्या अधिकाराच्या आधारावर. कर हा खांब आणि नोंदणी हे त्यावरील छप्पर. खांबच काढून घेतला तर छप्पर कशावर उभे राहणार, असा प्रश्न विचारणारे दावे २०२५ मध्येच तेथे दाखल झाले. युक्तिवाद म्हणून तो बिनतोड दिसतो. परंतु त्याने एक सत्य उघडे पडते : त्या देशाने ‘हे शस्त्र कोणाचे?’ हा प्रश्न स्वतःच्या बळावर विचारलाच नव्हता. तो पैशाच्या पावतीच्या पाठीमागे लिहून ठेवला होता. पावती रद्द झाली आणि प्रश्नही पुसला जाण्याची वेळ आली. आपली घटना ह्या बाबतीत अधिक सरळ आहे. सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या पाचव्या नोंदीत शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय नावानिशी आहे. आपल्याकडे शस्त्राची नोंद मागण्यासाठी सरकारला कराचा आडपडदा घ्यावा लागत नाही.

परंतु कायद्याचा पाया भक्कम असला म्हणजे त्याची इमारत न्याय्य असतेच असे नाही, आणि येथे आपण परक्या देशातून आपल्या शिवारात येतो.

काही वर्षांपूर्वी बागलीकडचा एक शेतकरी वडिलांच्या ठासणीच्या बंदुकीचा परवाना आपल्या नावे करून घेण्यासाठी माझ्याकडे आला होता. पिकाच्या रक्षणासाठी अशी बंदूक बाळगण्याची सोय शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात आहे, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसांचाही विचार केलेला आहे. बोलता बोलता मी त्याला सायलेन्सरची गोष्ट सांगितली. त्याला ती मुळीच पटली नाही. त्याचे म्हणणे असे की, ज्या बंदुकीला आवाज नाही ती त्याच्या काय कामाची? जनावर मारणे हा त्याचा हेतूच नव्हता. रात्री एक बार काढला की दहा घोडारोज शिवार सोडून पळतात आणि शेजारच्या तीन शेतांतल्या राखणदारांनाही जाग येते. त्याला हवा असतो तो बार. कोकणात रानडुकरांपासून भात राखणारा शेतकरीही हेच सांगेल. नीलगायींचा हा उपद्रव किती वाढला आहे ह्याची कल्पना यावी म्हणून सांगतो की, २०२५ मध्ये शेजारच्या शाजापूर जिल्ह्यात त्यांना आणि काळविटांना हेलिकॉप्टरने हाकून पकडण्याची आणि दूर जंगलात नेऊन सोडण्याची मोहीम सरकारला काढावी लागली. त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने आवाज हेच शस्त्र होते. गोळी हे केवळ त्याचे निमित्त.

त्याचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. परदेशात कर उठवून वस्तू स्वस्त करतात, मग आपल्याकडे परवानाधारकाला साधी बंदूक इतकी महाग का?

ह्याचे उत्तर इतिहासात आहे. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाच्या हातातून शस्त्र काढून घेतले तो अपमान आपल्या पूर्वसूरींना डाचत होता. १९३० साली गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत लोकनियंत्रणाखाली स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने मिळावेत ही एक मागणी होती. अहिंसेच्या पुजाऱ्याने ती करावी हे विचार करण्याजोगे आहे. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावातही नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा अधिनियम आला आणि तो १९६२ मध्ये अमलात आला. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकासाठी परदेशी बंदुकांची आयात बंद झाली. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर बनवण्याचे काम दीर्घकाळ सरकारी आयुध कारखान्यांकडेच राहिले. मागणी आहे, पुरवठा एकाच हाती आहे आणि बाहेरची वाट बंद आहे, अशा पेठेत जे व्हायचे तेच झाले. आयातबंदीपूर्वीची जुनी विलायती पिस्तुले लाखांच्या घरात विकली जाऊ लागली. सरकारने किंमत ठरवली नव्हती. सरकारने फक्त दार लावले होते, आणि किंमत दाराबाहेर आपोआप वाढत होती.

मग आपल्याकडेही निर्बंध सैल झाले. २०१६ च्या नियमांनी खाजगी कारखान्यांची वाट मोकळी केली. २०१७ च्या ऑक्टोबरात त्यांत दुरुस्ती झाली. तोवर उत्पादनाच्या परवान्यासाठी प्रत्येक नगामागे ५०० रुपये शुल्क पडे. ते काढून एकूण ५,००० ते ५०,००० रुपयांपर्यंतचे ठोक शुल्क ठेवले, आणि पाच वर्षांचा परवाना कंपनीच्या हयातीपर्यंत चालेल असे केले. अमेरिकेतील सवलत ग्राहकाच्या दाराशी दिली गेली, आपली कारखान्याच्या दाराशी. तत्त्व मात्र एकच, नगामागचा भार उतरवण्याचे. त्यानंतर उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात, संडीला येथे, वेब्ली अँड स्कॉट ह्या जुन्या इंग्रजी नावाची रिव्हॉल्व्हर २०२० पासून बनू लागली. भांडवल, कुंपण, तिजोरी, चाचणीची सोय आणि दिल्लीपर्यंत कागद पोहोचवण्याची ताकद ज्यांच्यापाशी होती, ते आत आले. ज्यांच्यापाशी केवळ हातातील विद्या होती, ते बाहेरच राहिले.

हे बाहेर राहिलेले लोक कोण, हे पाहायला आम्हां माळव्यातल्या माणसांना फार दूर जावे लागत नाही. विंध्य उतरून नर्मदेकडे गेले की धार, बडवानी, खरगोन ह्या जिल्ह्यांत शिकलगारांच्या वस्त्या लागतात. शस्त्रांना पाणी देणे, धार लावणे, तलवार आणि भाले घडवणे ही त्यांची पिढीजात विद्या. राजे गेले, फौजा गेल्या, शिकलगाराचा हात तेवढा राहिला. मोटारीच्या मोडीतले पोलाद, एक भाता आणि काही कानशी एवढ्या सामग्रीवर तो देशी पिस्तूल उभे करतो, आणि हे पिस्तूल पुण्यामुंबईच्या गुंडांपर्यंत जाते. २०२५ च्या नोव्हेंबरात पुणे पोलिसांचे पथक बडवानी जिल्ह्यातील उमरटी गावात उतरले आणि त्यांनी तेथील भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. त्याआधी, २०१९ च्या दुरुस्तीने, परवान्यावाचून शस्त्र घडवण्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत वाढलेली होती. शिक्षा वाढली, भट्टी विझली नाही. सर्वच शिकलगार ह्या मार्गाला लागलेले नाहीत. कित्येकांनी विळे, कोयते, कुलपे करून संसार चालवला आहे. परंतु ज्यांनी हा मार्ग धरला त्यांच्या मालावर कसलीही खूण नसते, आणि ह्या मालाचा भाव कोणी लपवला नाही तरी त्याचा धनी कोण हे कधीच कळत नाही. बंद दाराचा हा परिणाम आहे. सरकारने किंमत वाढू दिली, आणि त्या वाढलेल्या किमतीनेच नाव नसलेल्या शस्त्राला बाजार मिळवून दिला.

ह्यावरून कोणी म्हणेल की मग दारच नको. सर्व निर्बंध उठवा, माल स्वस्त करा, म्हणजे चोरबाजार आपोआप मरेल. ह्या मताची परीक्षाही आपल्याच प्रांतात, आणि फार मोठी किंमत मोजून, होऊन गेली. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपासच्या शहरांत रस्तोरस्ती ‘कार्बाइड गन’ विकायला आली. प्लास्टिकची नळी, थोडे कॅल्शियम कार्बाइड, चार थेंब पाणी आणि गॅस पेटवायचा लायटर. आंबे अढीत न घालता झटपट पिकवण्यासाठी जे द्रव्य लपूनछपून वापरतात, तेच हे कार्बाइड. पाण्याशी गाठ पडली की त्यातून ज्वालाग्राही वायू निघतो आणि ठिणगीसरशी बार उडतो. शेतातली माकडे आणि पाखरे हाकलण्यासाठी शेतकरी ही युक्ती करीत असत. दिवाळीत ती मुलांच्या हाती खेळणे म्हणून आली, दीडशेदोनशे रुपयांना. बार उडाला नाही म्हणून मुलाने नळीत डोकावून पाहावे आणि त्याच क्षणी तो उडावा, असे घरोघर घडले. राज्यात शंभराहून अधिक जण रुग्णालयांत गेले, त्यांत बहुतेक मुले होती, आणि काहींची दृष्टी गेली. मग सरकारने विक्रीवर बंदी घातली.

अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे स्फोटाच्या वा अन्य प्रकारच्या ऊर्जेच्या जोराने काही प्रक्षेप्य वस्तू सोडते ते अग्निशस्त्र. ह्या नळीतून काहीच सुटत नव्हते. सुटत होता तो केवळ आवाज आणि आग. म्हणून व्याख्येच्या शब्दांत ती सुखासुखी बसत नव्हती. आवाज दाबणारे, स्वतः निरुपद्रवी असे उपांग कायद्याने बंदूक मानले. आणि नुसता आवाज करणारी, डोळे फोडणारी नळी मात्र कायद्याच्या नजरेतून निसटली. तिच्यावर कर नव्हता, परवाना नव्हता, ती बनवणाऱ्याचे नाव नव्हते. किंमत मात्र कोणत्याही स्वस्ताईच्या पुरस्कर्त्याला आनंद व्हावा इतकी कमी होती. ज्या आईबापांनी ती दिवाळीची भेट म्हणून घरी आणली, त्यांनी जबाब मागावा तरी कोणाकडे?

व्याख्येतून निसटणाऱ्या संकटाची सर्वांत जुनी कथा आपल्याला ठाऊक आहे. हिरण्यकश्यपूने मागितलेला वर हा वकिली मसुद्याचा उत्तम नमुना आहे : माणसाकडून नको, पशूकडून नको, दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, शस्त्राने नको, अस्त्राने नको. त्याने सर्व धोक्यांची यादी केली आणि यादी पुरी झाली असे मानून तो निर्धास्त झाला. नृसिंह त्या यादीच्या दोन शब्दांमधल्या जागेतून प्रकट झाला, संध्याकाळी, उंबरठ्यावर. वस्तूंच्या याद्या करून जो निश्चिंत होतो तो राजा असो की संसद, त्याचा घात यादीबाहेरच्या वस्तूकडूनच होतो. म्हणून कायद्याची खरी नजर वस्तूवर असण्यापेक्षा हातावर असावी : कोणी बनवले, कोणी विकले, कोणी घेतले, आणि अनर्थ झाला तर कोण उत्तर देईल.

हाटपिपल्याला ही कथा परकी नाही. आमच्या नृसिंह मंदिरातील साडेसात किलोंची पाषाणमूर्ती भाद्रपदातील डोल ग्यारसीला भमोरी नदीच्या पाण्यावर सोडतात, आणि ती तरताना पाहण्यासाठी दोन्ही तीरांवर माणसे दाटी करतात. ती किती वेळा तरली ह्यावरून श्रद्धाळू लोक पुढचे वर्ष कसे जाईल ते ताडतात. गोव्याकडील वाचकांना वेलिंगचा श्रीलक्ष्मीनृसिंह आठवेल, जो सोळाव्या शतकात सांकवाळहून भक्तांनी सुरक्षित जागी नेला. दोन्हीकडच्या भक्तांना ठाऊक असलेली एक गोष्ट मात्र आपण क्वचितच ध्यानी घेतो : हा देव चोरपावलांनी आला नाही. खांब दुभंगताना झालेला नाद साऱ्या राजसभेने ऐकला. शासन करणाऱ्या शक्तीने आपले येणे लपवले नाही. जो प्राण घेतो त्याने ‘मी आलो आहे’ हे सांगून यावे, असा त्या कथेचा एक दंडक मला दिसतो.

हा दंडक सायलेन्सरला लावला तर काय निष्पन्न होते? शिकाऱ्याचा किंवा नेमबाजाचा कान वाचवण्यासाठी तो वापरला जात असेल तर त्याला माझी हरकत नाही. बहिरेपण हे काही पुण्यकर्म नव्हे. परंतु आवाजाने जी सूचना समाजाला मिळत होती ती जर कोणी काढून घेत असेल, तर तिच्या बदल्यात त्याने दुसरी सूचना दिली पाहिजे. ती सूचना म्हणजे नाव. नाद गेला तर नाव हवे. अमेरिकेने २०० डॉलर सोडले ह्यात मोठे बिघडले असे मला वाटत नाही. श्रीमंताने पैसे टाकून मोकळे व्हावे आणि गरिबाने नियम पाळावा, असा तो कर उरला होता. नीतीचा भार पैशाने मोजणे मुळातच हलके असते. परंतु त्या कराबरोबर नोंदही गेली, तर स्वस्त झालेला हलका माल, नव्या अनोळखी कारखान्यांतून, अनोळखी हातांत जाईल, आणि कार्बाइडच्या नळीची गोष्ट अधिक भयंकर रूपात तेथे घडेल. वस्तू महाग असते तेव्हा तिची किंमतच काही अंशी राखण करते; घेणारे थोडे असतात आणि ते ओळखता येतात. किंमत जितकी उतरते, तितके नावाचे मोल चढते. स्वस्ताई आणि नोंद ह्या परस्परविरोधी गोष्टी आहेत असे दोन्ही पक्ष धरून चालतात. वस्तुतः स्वस्ताई जितकी मोठी तितकी नोंद अधिक काटेकोर हवी.

आपल्या देशापुरते बोलायचे तर हेच सूत्र उलट बाजूने लागू पडते. परवानाधारकाला बंदूक लाखांना पडावी ह्यात धर्म नाही. त्याने नाव लिहून दिले आहे, चौकशीला तो सामोरा गेला आहे, त्याच्याकडून टंचाईचा दंड घेणे अन्यायाचे आहे. शुल्के सैल झाली ती योग्यच झाली. परंतु सैल झालेल्या कायद्याचे फळ केवळ भांडवलवाल्याच्या पदरात पडावे आणि पिढीजात कारागिराच्या वाट्याला फक्त वाढलेली शिक्षा यावी, ही वाटणीही धर्माची नाही. शिकलगाराच्या हाताला सरकारी देखरेखीखाली अवजारे, सुटे भाग, यंत्रांचे जोडकाम अशी नोंदीच्या उजेडातली कामे मिळाली, तर जे काम पोलिसांच्या धाडी करू शकल्या नाहीत ते त्याच्या मुलांची शाळा करील. त्याच्या मालावर आज खूण नाही, कारण खूण म्हणजे त्याच्यासाठी तुरुंग. खूण ही अभिमानाची गोष्ट होईल अशी वाट त्याला दाखवणे हे राज्याचे काम आहे, आणि त्या राज्याला कर भरणाऱ्या आपणां सर्वांचेही.

खंडेनवमीला आपल्या घरांतून शस्त्रांची पूजा होते. पवारांच्या स्वाऱ्यांबरोबर माळव्यात आलेल्या मराठी घराण्यांत आजही एखादी गंजलेली तलवार त्या दिवशी माळ्यावरून खाली येते, तिला हळदकुंकू लागते, आणि शेजारीपाजारी येऊन पाहतात. ह्या पूजेचा अर्थ आपण पराक्रमाची आठवण एवढाच करतो. मला त्यात आणखी एक अर्थ दिसतो. वर्षातून एकदा प्रत्येक घराने आपले शस्त्र चारचौघांत आणून ठेवायचे, म्हणजे कोणाच्या घरी काय आहे हे गावाला कळते, आणि ते कोणत्या मर्यादेत ठेवले आहे ह्याची ग्वाही देवासमोर दिली जाते. सरकारी नोंदवही निघण्यापूर्वी कितीतरी शतके आपल्या समाजाने ही नोंदवही चालवली. तिच्यात कर नव्हता, शुल्क नव्हते, मोल विचारलेही जात नव्हते. विचारले जाई ते एवढेच की, हे कोणाचे? जोवर ह्या प्रश्नाला निःसंकोच उत्तर देणारा माणूस पुढे येतो, तोवर शस्त्र महाग असो की स्वस्त, बोलके असो की मुके, त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.